झूम लेन्सची हमी

रत्नागिरीतला आमचा कॅमेरेवाला कुठलीही वस्तू विकताना रुमालाने काच पुसत म्हणायचा, "वॉरंटीचं काय घेऊन बसलात? मी आहे ना हितं!"

त्याच्याकडून मी घेतलेल्या झूम लेन्सला पावसाळ्यात आतून बुरशी लागली. ती घेऊन तो स्वतः एसटीने मुंबईला गेला. "दमट हवेला वॉरंटी लागू नाही," असं सांगून तिथल्या व्यापाऱ्याने त्याला परत पाठवलं.

आल्यावर त्याने स्वतःच्या कॅमेऱ्याची झूम लेन्स काढून माझ्यापुढे धरली. मी नको नको म्हणत राहिलो.

"शब्द दिलाय हो," म्हणत त्याने ती माझ्या पिशवीत घातलीच.

त्यानंतर कुणी लेन्स मागितली, की तो खाली बघत म्हणायचा, "माझ्या शब्दावर नको, मुंबईतच घ्या." मला ते ऐकवत नसे.