रिटायर होण्याची तालीम

आमच्या दाजींइतका जपून बोलणारा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात झाला नाही. पलीकडं कर्नाटकात कुणी असलाच, तर तो मुका असणार. दाजी उमरग्याबाहेर हायवेवरच्या एका तेलमिलमध्ये लेबर ऑफिसर आहेत. कामगारांना रिटायर व्हायला तयार करायचं, आणि ‘वय झालं म्हणून हाकललं’ अशी केस कुणी शेठवर टाकायची वेळ येऊ द्यायची नाही, हे त्यांचं काम. त्यापायी ‘म्हातारा’ हा शब्द ते घरातसुद्धा काढत नाहीत. आमची नव्वदीची आत्या जीपमधून उतरायला लागली की दाजी ड्रायव्हरसकट सगळ्यांना ओरडून सांगतात, “सगळ्यांनी जपून उतरा!” एकट्या आत्याला सांगितलं तर तिला निवडून काढल्यासारखं होतं म्हणे. एकदा बाजारात बैल विकताना गिऱ्हाइकानं बैलाचं वय विचारलं, तर म्हणाले, “त्याच्या परवानगीबिगर मी कसं सांगू?” बैल त्या दिवशी घरी परत आला.

मिलमध्ये ते रिटायरचा वर्ग घेतात, त्यातही हीच तऱ्हा. पिकल्या केसांच्यांनाच बोलावलं तर बोट दाखवल्यासारखं होईल, म्हणून सगळी मिल बसवतात. अंगावरची हळद न उतरलेला हमाल पुढं बसून पेन्शनचा कागद कसा भरायचा ते ऐकतो. पण दाजींची खरी करामत म्हणजे तालीम. प्रत्येकानं आळीपाळीनं रजा घेऊन आठवडाभर रिटायर झाल्यासारखं घरी बसायचं, आणि कसं काय झालं ते बायकोनं मिलमध्ये येऊन सांगायचं. एक बाई तर आठवडा संपायच्या आधीच आल्या. “साहेब, घ्या ह्यांना परत. म्हशीलासुदीक शिफ्ट लावायलेत! ह्यांना ठिवत नसाल तर मला ठिवा कामावर.” हसा तुम्ही, पण त्या तालमीतून कुणी शेळीपालनाला लागला, कुणी भाकरी थापायला शिकला, आणि आपल्या बायकोला गाता येतं हे एकाला पहिल्यांदा कळलं.

अडले एकटे तात्या. माकणीचे तात्या मिल सुरू झाल्यापासून बॉयलरवर. अलीकडं त्यांना दाबाचा काटा दिसेनासा झाला होता. नुसता आवाज ऐकून अंदाज बांधायचे. शेठ तडकले. “उद्या गेटवरच अडवा त्यांना. वय झालं म्हणा.”

“शेठ, तसं म्हणालात तर केस होईल,” दाजी म्हणाले. “आणि केस न्हाय झाली तरी तात्या खचतील. मला जरा वेळ द्या.”

मग दाजींनी सगळ्या मिलचे डोळे तपासून घेतले, शेठसकट. चष्मा लागला शेठला! तात्यांना मात्र डॉक्टरांनी बॉयलरवर जायची मनाई केली. दाजींनी त्यांना स्टोअरचं काम देऊ केलं. “बॉयलर न्हाय तर मी काय करू तिथं?” तात्या म्हणाले. मग दाजींनी विचारलं, “तालीम तरी करून बघता का?” तात्या कसेबसे तयार झाले.

पण घरी बसतील तर ते तात्या कसले! सकाळी माकणीहून एसटीनं यायचे आणि मिलसमोरच्या टपरीवर बॉयलरकडं कान लावून बसायचे. जेवणाच्या सुट्टीत दाजीही तिथं जाऊन बसायचे. एक दिवस मीही होतो. तात्या बराच वेळ ऐकत राहिले. “नवा गडी बरोबर चालवायलाय,” हळूच म्हणाले. मग दाजींकडं वळून, “साहेब, तुमीच सांगा एकदा. सोडू का काम?”

नुसतं ‘व्हय’ म्हटलं असतं तर शेठ खूष झाले असते. दाजींनी चहाचा कप खाली ठेवला.

“ते माझ्या तोंडून न्हाय निघणार, तात्या. कुणी घालवलं, असं तुम्हाला कधी वाटायला नको.”

तात्यांनी पंच्यानं डोळे टिपले. “मग सोडतो. माझं मी.”

तेवढ्यात सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. तात्या सवयीनं उठले, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून पुन्हा बसले. दाजींना आत जायचं होतं. तेही त्यांच्याशेजारी तसेच बसून राहिले.