यादीतून गळलेली अळी

“एक मांगशीन त एकच भेटीन,” असं म्हणत ती माझ्या स्क्रीनवर पेनाचं टोपण टेकवायची. “यादी मांग नं, बाप्पा!”

नांदुऱ्यात एका सरकीच्या दुकानावरच्या माडीत आमचं छोटं ऑफिस होतं. ती वरवट बकालहून एसटीनं यायची. माझ्याहून वरिष्ठ, मी ताई म्हणायचो. चूक दाखवतानाही न दुखवणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

गावोगावचे लोक कपाशीतल्या सापळ्यांत अडकलेले किडे मोजून आकडा मोबाइलवर पाठवत. आमचा प्रोग्रॅम तो तपासून, धोका दिसला की शेतकऱ्यांना मेसेज पाठवी. प्रत्येक किडीसाठी ताईनं वेगळा तपासनीस लिहिला होता. प्रोग्रॅमच्या भाषेत ऑब्जेक्ट. मुख्य प्रोग्रॅम हे तपासनीस स्वतः घडवत नसे. ते बाहेर, कॉन्फिगरेशनमध्ये नोंदवायचे आणि सगळ्यांची यादी त्याच्या हाती द्यायची. याला डिपेंडन्सी इंजेक्शन म्हणतात, हे मला तिनंच चहाच्या टपरीवर शिकवलं.

दिवाळीच्या आधी मी मुख्य प्रोग्रॅमची फाइल आवरायला घेतली आणि यादीऐवजी एकच तपासनीस मागितला. प्रोग्रॅम कुरकुरला नाही. शेवटी नोंदवलेला पांढऱ्या माशीचा तेवढा त्याला मिळाला. गुलाबी बोंडअळीचा नुसता बसून राहिला. ताईला त्या दिवशी ताप होता. माझा बदल तपासून मंजूर करायचं काम तिचं; तिनं न वाचताच हो म्हटलं.

बीटी कपाशीला अळी लागत नाही, हा भरवसा तोवर मोडलाच होता. लोकांचा भरवसा आमच्या मेसेजवर होता. तो आला नाही, म्हणून ते निर्धास्त राहिले.

नवव्या दिवशी ती ओढणीत बोंडं बांधून आली. वरून हिरवीगार. तिनं एक फोडलं. आत गुलाबी अळी.

“आमच्याच वावरातली. मेसेज काऊन नाही आला रे?”

दहा मिनिटांत तिला ती ओळ सापडली. ती बदलणारा म्हणून ओळीपुढे माझं नाव होतं.  दुरुस्ती करून तिनं मेसेज सोडले, आणि शेतकऱ्यांचे फोन सुरू झाले.

ऑफिसचे मालक म्हणाले, “नेटवर्कवर ढकला.”

ती प्रत्येकाला सांगत राहिली, “चूक आमची हाय, काका.” एक जण नुसता रडत होता. त्यानं फोन ठेवला तरी तिनं कानाचा काढला नाही.

“केलं कोणी हे?” मालकांनी विचारलं.

“म्या. पाहाचं काम माहं होतं.”

मी शेजारीच उभा होतो.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. माझे फोनही उचलले नाहीत.

उन्हाळ्यात स्टँडवर तिचे वडील भेटले. म्हणाले, “कम्प्युटर बांधून ठेवला तिनं. गावात कोणी धड बोलत नाही आमच्यासंगं.” मग माझा हात धरून त्यांनी विचारलं, “तुमी तिच्या बाजूलेच बसत होते ना, भाऊ? एवढी हुशार पोरगी. तिनं अशी चूक कशी केली?”

मी म्हणालो, “तुमची गाडी लागली, काका.”