खोडलेलं उत्तर

चौथीच्या वह्या तपासत होते. प्रश्न होता, 'तुला शाळेत काय आवडत नाही? स्वतःच्या शब्दांत लिही.' सगळ्या वह्यांत एकच उत्तर: 'मला वर्गातला कचरा आवडत नाही, कारण स्वच्छता आरोग्यासाठी आवश्यक आहे.' शब्द माझेच. तपासणीला साहेब येणार म्हणून मीच ते फळ्यावर लिहून दिले होते.

सानिकाच्या वहीत सवयीने लाल शाईत 'छान' लिहिलं आणि बोटाला कागद खरखरीत लागला. पान उजेडाकडे धरलं. खोडलेल्या पेन्सिलीचे वळ दिसत होते: 'बाई प्रश्न विचारतात आणि उत्तर पण स्वतःच सांगतात, ते आवडत नाही. मग माझं चुकतं.'

इतकी वर्षं मला वाटायचं, मी मुलांना लिहायला शिकवते. शिकवलं ते खोडायला. बाकीच्यांनी तर कागदावर यायच्या आतच, मनातल्या मनात खोडलं असेल.

दुसऱ्या दिवशी सानिकाला जवळ बोलावून ते पान दाखवत विचारलं, "आधीचं का गं खोडलंस?"

तिने घाबरून पानाकडे बघितलं. मग म्हणाली, "अजून दिसतंय का, बाई? द्या, नीट खोडते."