तेरियोची सकाळची यादी

एलेउतेरिओ लाबिताद हे लांबलचक नाव बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर तेवढं उरलं होतं. सेबू शहरातल्या एका सहाव्या मजल्यावरच्या ऑफिसात त्याला सगळे नोंग तेरियो म्हणत. थोरल्या माणसाला तिथे नोंग म्हणायचं, आपल्याकडे दादा म्हणतो तसं. चौपन्न वर्षांचा, अंगाने बारका, शर्टाला कडक इस्त्री. आणि भिडस्त इतका की जीपनी, म्हणजे तिथली वडापची गाडी, त्याचा थांबा सोडून पुढे गेली तरी 'थांबवा' म्हणायला जीभ उचलायची नाही. पुढच्या थांब्यावर उतरून गुपचूप मागे चालत यायचा. त्याची बायको लुदिंग चारचौघांत म्हणायची, "मागणी घालायला याची आई आली म्हणून बरं. याच्या भरवशावर राहिले असते तर अजून आर्गावला बापाच्याच घरी असते."

ऑफिसात काम चालायचं बोटींच्या तिकिटांचं. या बेटावरून त्या बेटावर जाणारी माणसं फोनवरून तिकिटं काढतात. सगळी गर्दी एकाच संगणकावर आली तर तो मान टाकेल, म्हणून दारात एक लोड बॅलन्सर बसवलेला असतो. येईल त्याला तो मागच्या आठ यंत्रांपैकी एकाकडे धाडतो, आणि अधूनमधून त्या यंत्रांना विचारतो, 'जिवंत आहेस ना?' ठरलेल्या सेकंदांत उत्तर आलं नाही, की ते यंत्र मेलं असं समजून त्याला रांगेतून काढून टाकतो.

अशी दारं चाळीस होती. प्रत्येकाची सेटिंग हाताने बघत बसलं तर दिवस मावळेल. तेरियोने एका आपोआप चालणाऱ्या साधनाला प्रश्न शिकवून ठेवले होते. रोज सकाळी सहाला ते चाळीस दारांवर जाई, तुझ्यामागे कोण कोण आहे, किती सेकंद वाट बघतोस, एवढं विचारून येई आणि तारीख घालून यादी लिहून ठेवी. त्याला विचारायचा अधिकार होता, बदलायचा नव्हता. तेरियोलाही तेवढाच होता. बदल करायची चावी दोघांकडेच, साहेब रामिल आल्मेन्द्रास आणि रिझेल काबाहुग, आणि तीही ऑफिसात बसूनच चालायची. कोणी कधी काय बदललं याची नोंद आपोआप ठेवता आली असती, पण ती रामिलने कधी चालूच केली नव्हती. राहता राहिली तेरियोची यादी. पोरं चिडवायची, "काय नोंग, जपमाळ झाली का आजची?" तो हसायचा आणि सिकवातेचा, म्हणजे घट्ट गरम कोकोचा, कप घेऊन पुन्हा आकडे वाचायला लागायचा.

रिझेल एकतीस वर्षांची, बांतायान बेटावरची, जिभेला तिखट. कामाचं पहिलं वर्ष तिने तेरियोच्या शेजारी बसून काढलं होतं. गावाहून येताना त्याच्यासाठी सुक्या मासळीचं पुडकं आणायची आणि टेबलावर आपटून म्हणायची, "घ्या, नाहीतर मागायला तुम्हाला दोन वर्षं लागतील." जानेवारीत ती सिंगापूरला जायची होती. नोकरी ठरली होती, या ऑफिसचं चांगल्या वर्तणुकीचं पत्र तेवढं बाकी होतं.

ऑक्टोबर संपत आला. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला सगळा देश आपापल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावायला गावी जातो. त्या आधीच्या सोमवारी सकाळी तिकिटांवर झुंबड उडाली आणि आठही यंत्रं एकामागून एक रांगेबाहेर फेकली गेली. एकही यंत्र मेलं नव्हतं. गर्दीमुळे ती उत्तर द्यायला जरा उशीर करत होती, इतकंच. एक बाहेर गेलं की त्याचा भार उरलेल्यांवर, की त्यांना आणखी उशीर. सहा तास तिकीट मिळालं नाही. कित्येकांच्या आईबापांची थडगी त्या वर्षी अंधारात राहिली.

दुपारी तेरियोने याद्या काढल्या. शुक्रवारी सकाळी सहाला लिहिलं होतं, वाट दहा सेकंद. शनिवारी सकाळी सहाला, वाट एक सेकंद. म्हणजे दहाचा एक झाला तो शुक्रवारीच. शुक्रवारी रिझेल रजेवर होती, बांतायानला, आईच्या पुण्यतिथीच्या प्रार्थनेला. ऑफिसात चावी होती ती रामिलकडे. तेरियोने दोन्ही कागद छापले, चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवले.

मंगळवारी सगळ्यांना बोलावलं. रामिल म्हणाला, "शेवटचा हात कोणाचा लागला?"

"माझा," रिझेल म्हणाली. "शनिवारी दहा वाजता. दारावरचं जुनं सुरक्षा प्रमाणपत्र काढून नवीन लावलं. सेकंदांना मी बोट लावलेलं नाही, सर."

"मग ते काय आपोआप बदलले?"

ती वळली. "नोंग, तुमच्या यादीत काय दिसतंय?"

रामिलने तेरियोकडे बघितलं. रागाने नाही, अगदी मायेने. "हो, सांग की, पारे."

पारे! ऑफिसात त्याने ही हाक कधी मारली नव्हती. तेरियोच्या धाकट्याला बाप्तिस्म्याला रामिलने हातावर धरलं होतं, तेव्हापासून ते एकमेकांचे पारे. रक्ताचं नसलं तरी या नात्याला तिथे रक्ताहून जास्त मान. आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तेरियोची आधीची कंपनी बुडाली, अकरा महिने तो घरी बसला, तेव्हा नोकरी घेऊन दारात आला होता तो हाच माणूस. आपल्याकडे म्हणतातच, भीड ही भिकेची बहीण. तेरियोच्या भिडेने मात्र भीक दुसऱ्याच्या पदरात टाकली.

"अजून... बघितली नाही," तो म्हणाला.

रिझेल त्याच्याकडे क्षणभर बघत राहिली. मग तिने नजर आपल्या हातांवर आणली.

शुक्रवारी तिला काढलं. पत्र मिळालं, त्यात 'गंभीर निष्काळजीपणा' असं लिहिलेलं होतं. ते वाचून सिंगापूरवाल्यांनी कळवलं की तूर्त जागा नाही. सामानाचं खोकं घेऊन ती लिफ्टकडे गेली तेव्हा तेरियो यादी वाचत होता. मला त्याची कीव येते, आणि रागही येतो. उठून खोक्याला हात तरी लावायचास, बाबा!

घरी ताट पुढे सारून त्याने लुदिंगला सगळं सांगितलं.

"मग उद्या जाऊन सांग," ती म्हणाली.

"उद्या सांगतो."

तो उद्या अकरा महिने लांबला. मधे धाकट्याच्या वाढदिवसाला रामिल आला, त्याने स्वतः सुरी घेऊन भाजलेलं डुक्कर कापलं आणि पहिला कुरकुरीत तुकडा तेरियोच्या ताटात वाढला. लुदिंग स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

सप्टेंबरात रामिल बायकामुलांसह कायमचा कॅनडाला गेला. पुढच्याच रविवारी तेरियोने ते दोन कागद घेतले, बस धरली, हाग्नायाहून बोटीत बसला आणि बांतायानला उतरला.

रिझेल मावशीच्या अंगणात बांबूच्या मांडवाखाली बसून मासे चिरत होती. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. त्याला बघून उठली, मनगटाने घाम पुसला आणि रीतीप्रमाणे वाकून त्याचा हात आपल्या कपाळाला लावला. तिने दार लावून घेतलं असतं तर तेरियोला सोपं गेलं असतं.

"या नोंग. बसा. जेवलात?"

त्याने कागद पुढे केले. "हे बघ, दाय, पोरी. शुक्रवारी दहा, शनिवारी एक. मी ऑफिसला लिहितो, सिंगापूरलाही लिहितो. तुझं नाव धुऊन काढतो."

तिने कागद हातात घेतले नाहीत. "रामिल सर गेले वाटतं कुठे?"

तेरियोने मान खाली घातली. "कॅनडाला."

"हं." तिने टोपलीतून दुसरा मासा घेतला. "सिंगापूरची जागा मार्चमध्येच भरली, नोंग. आणि यादी मी बघितली होती. सोमवारीच."

"बघितली होती? मग दाखवायचीस ना!"

"मी दाखवली असती तर म्हणाले असते, पोरीने आकडे फिरवले. माझ्याकडे चावी होती. तुम्हाला काहीच बदलता येत नव्हतं, म्हणून तुमचा शब्द चालला असता. अख्ख्या ऑफिसात एकट्या तुमचाच."

"मग मला का विचारलंस, यादीत काय आहे म्हणून?"

"काय आहे ते मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "तुम्ही सांगाल का, एवढंच ठाऊक नव्हतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर त्याने पाय धरले असते. तिने हात धुतले, आत जाऊन भात आणि तळलेली मासळी आणली आणि ताट त्याच्यापुढे ठेवलं. "जेवा. तीनची बोट गाठायची असेल तुम्हाला."

तेरियोला भूक नव्हती. पण नको म्हणायची त्याला भीड पडली, आणि तो ताटातलं सगळं जेवला.