हिरव्यासाठी आलेली एकच हरकत

नोकरीत असताना मी नकाशे रंगवायचो. हुद्दा आरेखक असा होता, पण बायको पाहुण्यांना सांगायची, "हे रंगकाम करतात," आणि पाहुणे माझ्याकडे बघून विचारायचे, "मग स्वतःच्या घराच्या भिंती अशा का?" मी मूळचा धुळ्याचा, देवपुरातला. बदली होऊन जळगावला आलो, पिंप्राळ्यात भाड्याने खोल्या घेतल्या आणि मग तिथलाच झालो.

शहराचा आराखडा करायचा म्हणजे आधी सगळी जमीन पायी हिंडायची आणि कोण कुठे काय करतंय ते कागदावर आणायचं. मग पुढे कोणी कुठे काय करावं ते ठरवायचं. घरांना पिवळा रंग, दुकानांना निळा, कारखान्यांना जांभळा, शेतीला हिरवा. पहिलं काम मी डोळ्यांनी बघून करायचो, दुसरं साहेबांनी सांगितल्यावर.

आमचे साहेब त्या कामावर मनापासून श्रद्धा असलेले होते. ते म्हणायचे, "माणसं जितकी दाटीने राहतात तितकी मोकळी जमीन जपावी लागते. शहराला हिरवा पट्टा हवाच. पट्टा नसला की पोट सुटतं." हे सांगताना ते स्वतःचा पट्टा वर ओढून घ्यायचे. त्यांनी मोठ्या कष्टाने शहराभोवती हिरवा आखला होता. फक्त पश्चिमेला, पिंप्राळ्याच्या पुढे, पिवळा रंग नाला ओलांडून पाच-सहा शेतांवर सांडला होता. तो कसा सांडला हे मला माहीत नाही. मी रंगवला, पण सांगितला तसा.

आराखडा प्रसिद्ध झाला आणि हरकती यायला लागल्या. मोकळी जमीन राखावी असं गावात भेटेल तो म्हणायचा. फक्त ती दुसऱ्याची असावी एवढीच प्रत्येकाची अट होती. अर्जांचे गठ्ठे एकाच वकिलाने टाइप करून घेतलेले होते, कारण प्रत्येकात 'कुटुंब'मधला 'टु' दीर्घ होता. सगळ्यांचं म्हणणं एक : आमचं शेत हिरव्यात टाकल्याने आमचं कुटूंब उघड्यावर येईल, सबब पिवळं करावं. जागा मोकळी ठेवली की माणसं उघड्यावर येतात, हे मला तेव्हा नव्याने कळलं.

माझं काम होतं प्रत्येक हरकत नकाशावर खुणेने दाखवायची. तिसऱ्या दिवशी नोंदवहीत एक गट नंबर आला, 'पिवळा करावा' अशी मागणी. नकाशावर बघतो तर ते शेत पिवळंच. नाल्यापलीकडच्या त्या पाच-सहांतलं एक. मी मूळ अर्ज शोधून काढला. वहीचं रेघांचं पान होतं, निळ्या शाईत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं : 'माझे शेत तुम्ही पिवळे केले आहे ते हिरवे करावे.' कारकुनाने लाल पेनाने 'हिरवे'चं 'पिवळे' करून टाकलं होतं. मी विचारलं, तर तो म्हणाला, "बाई चुकली असेल. मी सुधारून घेतलं. गरीब माणसाचा अर्ज चुकीसाठी फेटाळला जाऊ नये." त्याच्या चेहऱ्यावर उपकार केल्याचं खरं समाधान होतं.

साहेब म्हणाले, "जाऊन विचारून ये."

स्कूटरवर गेलो. नाल्यावरच्या बुटक्या फरशीपुलापलीकडे दादर उभी होती, आमच्याकडची रब्बीची ज्वारी, माणूस बुडेल एवढी. कडेला निंबाखाली एक बाई तीळ पाखडत बसल्या होत्या. साठीच्या पुढच्या, किडकिडीत, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी कोण ते सांगितलं. त्या सूप खाली ठेवून म्हणाल्या, "बसा भाऊ. चहा नही देत मी आते कोनले. राग नका मानू."

मी अर्ज दाखवला. "अक्का, हे तुम्हीच लिहिलंय? हिरवं करा म्हणून?"

"मीच लिखेल शे. सातवी शिकेल शे मी."

"पण का? पिवळं राहिलं तर जमिनीची किंमत वाढते."

"वाढस ना. तेच तर." मग त्या माझ्यासाठी जरा शहरी बोलायला लागल्या. शेत पिवळ्यात आल्याची बातमी फुटल्यापासून रोज कोणी ना कोणी मोटारसायकलवर यायचं. प्लॉट पाडू, लेआउट करू, अर्धे प्लॉट तुमचे. प्रत्येकजण 'अक्का, अक्का' करत निंबाखाली बसायचा आणि घरी आलेल्याला चहा द्यायचा तर म्हशीचं सगळं दूध त्यातच जायचं. "डेअरीवाला विचारतो, म्हैस आटली का? मी म्हटलं, म्हैस नाही आटली, नकाशा आला."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"अजून एक शे," त्या म्हणाल्या. "मले दोन पोरं. एक पुण्याला, एक सुरतला. जमीन हिरवी होती तेव्हा दोघांनाही नको होती. दिवाळीला यायचे, भाऊ-भाऊ एका ताटात जेवायचे. आता पिवळी झाली तर दोघांच्या बायका मला वेगवेगळा फोन करतात. मोठा म्हणतो रस्त्याकडची बाजू माझी. धाकटा म्हणतो, मीच का मागची घेऊ? अजून मी मरेल नही." त्यांनी सूप पुन्हा उचललं. "हिरवं करी टाका. कोणालाच नको असलेलं शेत घरात शांती ठेवतं."

ऑफिसात परत येऊन मी साहेबांना हे सगळं सांगितलं. त्यांनी पट्टा वर ओढून घेतला. मग म्हणाले, "सुनावणीत चहाचं सांगू नको म्हणावं. पर्यावरणाचं सांग म्हणावं."

सुनावणीच्या दिवशी बाहेर व्हरांड्यात जत्रा होती. पिवळं मागणारे आत जायचे, हात जोडायचे, बाहेर यायचे. अक्कांचा पुकारा झाला तेव्हा त्या पायातल्या चपला दाराशी काढून आत आल्या. समितीतल्या एका सदस्यांनी अर्ज दोनदा वाचला. "अक्का, तुम्हाला कोणी शिकवून पाठवलंय का?"

"शिकाडनार कोन? बठ्ठासले पिवळं जोयजे. मले हिरवं जोयजे."

"सगळ्यांना पिवळं, तुम्हाला हिरवं. कारण?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी अक्कांकडे पाहिलं.

"चहा," अक्का म्हणाल्या.

समितीने ते 'अर्जदाराची वैयक्तिक अडचण' असं लिहून घेतलं.

खरी गंमत त्यानंतर झाली. व्हरांड्यातल्या माणसांना त्या बाईने हिरवं मागितलं हे कळलं आणि कुजबूज सुरू झाली. कोणी फुकट असं मागेल का? नक्कीच बाईला काहीतरी माहीत आहे. नकाशावाला माणूस तिच्या शेतात जाऊन आला, हेही कोणीतरी पाहिलं होतं. संध्याकाळपर्यंत ठरून गेलं की नाल्यापलीकडून मोठा रस्ता जाणार आणि हिरव्या जमिनीला दुप्पट मोबदला मिळणार. दोन दिवसांनी अक्कांच्या शेजारचे एक आबा माझ्या घरी आले. पेढे आणले होते. मी सांगितलं, "आबा, असं काही नाही. कसलाही रस्ता नाही." ते डोळा मिचकावून म्हणाले, "समजलं. तुम्ही सांगू शकत नाही."

आठवड्याभरात नाल्यापलीकडच्या सगळ्या शेतांचे अर्ज आले. हिरवं करा. त्याच वकिलाने टाइप केलेले, तोच दीर्घ 'टू', फक्त या वेळी पिवळ्याने कुटूंब उघड्यावर येणार होतं. मुदत केव्हाच संपली होती. साहेबांनी ते अर्ज दोन्ही हातांनी घेतले. म्हणाले, "नागरिकांची भावना आहे. मुदतीसाठी भावना अडवायची का?" मी पिवळा पुसला आणि नाल्यापर्यंत मागे आणला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हाताने एखाद्या नकाशात हिरवा वाढला, आणि तो एका खोट्या बातमीने वाढला. पुढे पुण्याच्या एका परिषदेत साहेबांनी हा पट्टा पडद्यावर दाखवला आणि शेतकऱ्यांमध्ये भूसंवर्धनाची जाणीव कशी रुजते ते सांगितलं. टाळ्या पडल्या असं तेच म्हणाले.

आराखडा मंजूर होऊन आला, आणि रस्ता काही आला नाही. आबा अक्कांच्या निंबाखाली जाऊन भांडले. "तू आम्हाला फसवलं!" अक्का म्हणाल्या, "मी तुम्हाला काय सांगितलं? एक शब्द तरी बोलले का?" आबांना आठवेना. ते तेवढ्याने खाली बसले. दलालांचं येणं बंद झालं होतं, दूध शिल्लक होतं, म्हणून अक्कांनी त्यांना चहा दिला.

माझंही इथे थोडं सांगायला हवं. निवृत्त झालो तेव्हा आम्ही नाल्याच्या अलीकडे, पिवळ्याच्या शेवटच्या रांगेत एक घर घेतलं. तिथे आधी कपाशी होती, मीच ती सर्व्हेत मोजली होती. बिल्डरच्या फलकावर लिहिलं होतं : 'समोर कायमस्वरूपी हिरवा पट्टा!' बायकोला गच्चीवरून दिसणारी दादर फार आवडली. ती म्हणाली, "कोणी केलं हे असं छान?" मी म्हटलं, "एका म्हशीने." तिला ते खरं वाटलं नाही.

कॉलनी भरली तशा हिरव्याबद्दल तक्रारी सुरू झाल्या. शेणखताचा वास येतो. पाखरं हाकलायला सकाळी सहाला डबे वाजतात. मळणीची धूळ गाड्यांवर बसते. सगळ्यांना शेत हवं होतं, शेती नको होती. शेवटी कॉलनीच्या मंडळाने ठरवलं की समोरच्या पट्ट्यात उद्यान आणि चालण्याचा ट्रॅक व्हावा असा अर्ज करायचा, आणि नकाशा मी काढून द्यावा, कारण मी त्याच खात्यातला. मी हात थरथरतो म्हणून सांगितलं. तो तेव्हा अजिबात थरथरत नव्हता.

मी अक्कांना जाऊन हे सांगितलं. त्या आता थकल्या होत्या, शेत वाट्याने दिलं होतं, पण रोज बांधावर यायच्या. त्यांनी विचारलं, "बागेत काय करतीन लोक?"

"चालतील."

"आत्ता तर चालतातच." खरंच होतं. सकाळी अर्धी कॉलनी त्यांच्याच बांधावरून फिरायची आणि परत येऊन बाग मागायची.

मग मी नको ते विचारलं. "अक्का, पोरं येतात का आता दिवाळीला?"

त्या दादरीचं एक वाळलं पान चुरगाळत सांगू लागल्या. शेत हिरवं झालं तेव्हा दोघांचे फोन आले होते. कित्येक दिवसांनी भावांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं : आईला काही कळत नाही. त्यानंतर भांडण मिटलं, ते पार मिटलं. मोठा कामात असतो, धाकट्याला सुट्टी नसते. "भांडाले तरी आले असते नां भाऊ," त्या म्हणाल्या. "वाटणीसाठी का होईना, या निंबाखाली बसले असते."

मी आयुष्यभर जमिनीला रंग दिले. त्या रंगाने कोणाचं घर भरतं आणि कोणाचं रिकामं होतं, हा रकाना आमच्या कुठल्याच तक्त्यात नव्हता. त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर अंधार पडायच्या आत घरापर्यंत चालत गेलो, आणि नंतर तसा बऱ्याचदा गेलो.

गेल्या हिवाळ्यात कॉलनीतल्या एका बाईंनी बांधावर उभ्या अक्कांचा फोटो काढला आणि कुठल्याशा ग्रुपवर टाकला. मागे दादरीची कणसं, अक्कांच्या डोक्यावर पदर. तो फिरत फिरत पुण्यापर्यंत पोचला. थोरल्याच्या ऑफिसातल्या लोकांनी म्हणे त्याला विचारलं, "ही जमीन तुमची? किती भाग्यवान!" पुढच्या रविवारी तो बायको-मुलांसह गाडी घेऊन आला. अक्कांनी आगटी पेटवली, हुरडा भाजला, मला आणि बायकोलाही बोलावलं. नातवंडं राखेने काळी झाली. सून शेतात उभी राहून फोटो काढून घेत होती. अक्का इतक्या बोलत होत्या की मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

निघताना थोरल्याने मला गाडीच्या पलीकडे घेतलं. हळूच म्हणाला, "काका, तुम्ही त्या खात्यात होतात ना? पुढचा आराखडा कधी निघतो?"

मी म्हटलं, "बराच वेळ आहे."

"बघा ना, जरा कानावर घाला."

गाडी फरशीवरून पलीकडे गेली. अक्का हात हलवत उभ्या होत्या. मग माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "काय विचारी राहिंता तो?"

"वेळ विचारत होता."

त्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. "घड्याळ तर व्हतं हातमां त्याना," एवढंच म्हणाल्या, आणि उरलेला हुरडा माझ्या बायकोच्या पदरात ओतायला वळल्या.