चालत्या यंत्राची पूजा

फोन माझ्या बायकोनं, कमलानं घेतला. ऐकता ऐकता ती भिंतीला टेकली आणि "अण्णा गेले" एवढंच म्हणाली. त्या क्षणी मला दुःख झालं नाही, राग आला, हे लिहायला लाज वाटते. सेतूनं मला फसवलं असं वाटलं. इतकी वर्षं "आता नको, पुढं बघू" म्हणत राहिला आणि पुढचं काही न बघता निघून गेला... सेतुमाधवराव हा माझ्या बायकोचा थोरला भाऊ आणि माझा शाळेपासूनचा मित्र. तंजावूरबाहेरच्या एका मोठ्या राइस मिलमध्ये आम्ही दोघांनी उमेदीची वर्षं काढली. मॅनेजर म्हणून उत्पादन माझ्याकडे होतं आणि यंत्रांची देखभाल त्याच्याकडे. माझं लग्न होईपर्यंत तो मला अरेतुरे करायचा. लग्नानंतर मुद्दाम "भावजी, तुम्ही" म्हणायला लागला आणि ती थट्टा त्यानं जन्मभर चालवली.

आमच्या मिलच्या लोकांची एक रीत आहे. कुणी गेलं की सगळी मिल दारात उभी राहते. मिल बंद पडून मोठा काळ लोटला, माणसं पांगली, तरी ही रीत मोडलेली नाही. राजवाड्यामागच्या त्या अरुंद गल्लीत सेतूला खाली ठेवलं होतं तेव्हा शारदावहिनी, त्याची बायको, रडता रडता मध्येच गल्लीच्या तोंडाकडे बघत होत्या. घरची माणसं होती, आमच्या मराठी घरांतली म्हातारी मंडळी होती. मिलमधलं एकही माणूस आलं नाही. का आलं नाही, यामागचं खरं त्या गल्लीत फक्त मला माहीत होतं, आणि मी हार हातात घेऊन खाली बघत उभा होतो.

सेतूचं सगळं आयुष्य एका भांडणात गेलं. यंत्र बिघडल्यावर दुरुस्त करायचं, की बिघडण्याआधी थांबवून उघडायचं? तो दुसऱ्या बाजूचा आणि मी, उत्पादनवाला म्हणून, पहिल्या बाजूचा. "मी थांबवलं तर ते दोन दिवस थांबेल. ते आपणहून थांबलं तर कधी चालू होईल हे तुम्हीही सांगू शकणार नाही, भावजी," असं तो म्हणायचा. पण चालतं यंत्र थांबवायला कुठला मालक परवानगी देतो? म्हणून सेतूनं आयुधपूजेचा आधार घेतला. आमच्याकडे नवरात्राच्या शेवटी आयुधपूजा असते. त्या दिवशी यंत्रांना चंदन-कुंकू लावतात, हत्यारं देवीपुढं मांडतात, कोहळा फोडतात, चुरमुरे वाटतात, आणि दसऱ्यापर्यंत कुणी हत्याराला हात लावत नाही. ही पूजा नेमकी येते ती कुरुवै, म्हणजे पहिल्या हंगामाच्या भाताची कापणी सुरू असताना, ओल्या भाताच्या गाड्या दारात लागलेल्या असताना. सेतू पूजेच्या दोन दिवस आधीच यंत्रं बंद करून उघडायचा. बेअरिंग धुऊन बघायचा, झिजलेलं बदलायचा. थोरल्या मालकांनी एकदा विचारलं, की पुसायला दोन दिवस कशाला लागतात? तर म्हणाला, "अय्या, बाहेरून चंदन आणि आतून काळं ग्रीस, असं स्वागत आम्ही फक्त जावयाचं करतो." मी शेजारीच उभा होतो. थोरले मालक पोट धरून हसले आणि त्याला दोन दिवस मिळाले. पुढं दर वर्षी मिळत गेले. त्या मिलचं यंत्र ऐन हंगामात का बंद पडत नाही, याचं आजूबाजूच्या मिलवाल्यांना कोडं होतं.

मग नव्वदीचं दशक आलं. परदेशात शिकलेले धाकटे मालक आले. नवी यंत्रं येणार, बाहेरची कंपनी भागीदार होणार, तांदूळ जहाजानं जाणार, अशी बोलणी रोज चालायची, आणि खोटं कशाला सांगू, मलाही ती आवडायची. फाटकाशी एक फलक लागला. मिल किती दिवस न थांबता चालू आहे, ते त्यावर रोज लिहायचं. सेतूनं फलकाकडे बघून मला विचारलं, "मी मुद्दाम थांबवलं तर?" मी म्हटलं, "तरी आकडा शून्यावर येतो." तो म्हणाला, "म्हणजे ताप आलेला आणि झोपलेला, दोघं यांच्या लेखी सारखेच." त्या वर्षी धाकट्या मालकांनी मला बोलावून सांगितलं, "राव, पूजा जरूर करा, पण यंत्र चालू ठेवून. गर्दी ओसरली की तुम्हाला हवे तितके दिवस बंद ठेवा. माझा शब्द आहे." तो शब्द मी तसाच सेतूपर्यंत नेला. मालकाचा म्हणून नव्हे, माझा म्हणून. ड्रायरच्या मोठ्या पंख्याचा आवाज त्याला आवडत नव्हता, ते तो महिनाभर सांगत होता. शेवटी म्हणाला, "भावजी, मालकाला मी ओळखत नाही. तुम्हाला ओळखतो."

त्या आयुधपूजेला सेतूनं गरगरणाऱ्या पंख्यासमोर कोहळा फोडला. कामगारांपैकी कुणी चुरमुऱ्यांना हात लावला नाही. सेल्वम नावाचा फिटर, ज्याला सेतूनं हाताला धरून काम शिकवलं होतं, तो आपला पाना देवीपुढं न ठेवताच निघून गेला.

गर्दी ओसरली. मी मालकांकडे गेलो. ते अगदी शांतपणे म्हणाले, "चालतंय ना? मग उघडायचं कशाला?" मी शब्दाची आठवण दिली, तर हसले. त्याच दिवशी त्यांच्या खोलीत कोट घातलेले पाहुणे बसलेले दिसले, आणि हिशेबनिसाकडून कळलं की मिल विकायची बोलणी कधीपासून चालू होती. तो फलक त्या पाहुण्यांसाठी होता. गिऱ्हाइकाला फिरणारा पंखा दिसतो, त्याच्या आतलं बेअरिंग दिसत नाही. मला फसवलं होतं. पण मी फसलो हे सेतूला सांगायची हिंमत मला झाली नाही. "या आठवड्यात नाही, पुढच्या" असं मी त्याला सांगत राहिलो... आणि ऐप्पसीच्या, म्हणजे दिवाळीच्या सुमाराच्या पावसात, यार्डात ओरत्तनाडुकडच्या शेतकऱ्यांचं मागून आलेलं ओलं भात रचलेलं असताना, पंख्याचं बेअरिंग जाम झालं आणि शाफ्ट तुटला. ड्रायर थंड पडला. पोत्यांतल्या भाताला कोंब फुटले. तो आंबूस वास अजून माझ्या नाकात आहे. पाहुणे परत आले नाहीत आणि पोंगलच्या आत मिलला कुलूप लागलं.

त्याआधी कामगारांनी मला यार्डात गाठलं होतं. "चालत्या यंत्राच्या पूजेला हो कुणी म्हटलं, सार? नाव सांगा." मी तोंड उघडायच्या आत मागून सेतूचा आवाज आला, "मी म्हटलं. मॅनेजर नको म्हणत होते." सगळे त्याच्याकडे वळले. मी तेव्हा बोललो नाही. नंतर घरी त्याला विचारलं, असं का केलंस? म्हणाला, "ते तुम्हाला मारणार होते आणि मला नुसत्या शिव्या देणार होते. कमळीचा विचार केला." मग थोड्या वेळानं म्हणाला, "तुम्ही खोटं बोलला असतात तर मी तिथंच तुमची गचांडी धरली असती. तुम्ही काही बोललाच नाहीत." मला मालकांच्या दुसऱ्या कारखान्यात जागा मिळाली. सेतूला कुठं मिळाली नाही. मालकाचे पैसे घेऊन यंत्र विकून खाणारा माणूस, असं त्याचं नाव झालं होतं. तो घरोघरचे मिक्सर आणि ग्राइंडर दुरुस्त करत राहिला. मी खरं सांगतो म्हटलं की "आता नको" म्हणायचा. त्याच्या या चांगुलपणाचा मला पुढंपुढं संताप यायला लागला. माझी चूक त्यानं मला न विचारता उचलून नेली होती आणि परत द्यायला तयार नव्हता.

तो गेल्यावर काही आठवड्यांनी मी शारदावहिनींना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, त्यांना माहीत असेल. त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांचं तांदूळ निवडणं थांबलं. "बाजारांत बायका तोंड फिरवून जायच्या," त्या म्हणाल्या, "तेव्हां मी घरी येऊन यांच्याशीच भांडायची. चूक केलीत तर कबूल करा म्हणून. असकी वर्षं मी त्यांना चोर समजून जेवायला वाढलें हो, भावजी. तुम्ही दोघांनी मिळून मला हें करायला लावलंत." असकी म्हणजे सगळी, आमच्या घरच्या मराठीत. मी म्हणालो, मी हे लिहिणार आहे, मराठी वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून येईल. नोकरीच्या सुरुवातीला सोलापुरात होतो म्हणून मला देवनागरी लिहिता येतं, आमच्यात ते फार थोड्यांना येतं. त्या एकदम ताठ झाल्या. "मराठींत लिहितां? म्हणजे इथं कोणाला कळायला नको! त्यांना शिव्या तमिळमध्ये पडल्या. तुम्हीही तमिळमध्येच सांगा. सेल्वमला सांगा."

म्हणून यंदा आयुधपूजेच्या आदल्या दिवशी मी ओरत्तनाडु रस्त्यावरच्या सेल्वमच्या शेडमध्ये गेलो. तो आता पाण्याचे पंप आणि मळणीयंत्रं दुरुस्त करतो. मिलमधले आणखी दोघे-तिघे म्हातारे तिथं चहा पीत होते. सेल्वम एका शेतकऱ्याचा पंप उघडून बसला होता. "उक्कारुंग सार," म्हणून त्यानं पायानं स्टूल माझ्याकडे सरकवलं, हात काळे होते म्हणून. मी उभ्यानंच सांगितलं. शब्द कुणाचा होता, हो कुणी म्हटलं, यार्डात गप्प कोण राहिलं... मग एक जण म्हणाला, "माणूस जाळल्यावर सांगायला बरं पडतं, सार." दुसरा म्हणाला, "तेव्हाच का नाही बोललात?" सेल्वम माझ्याकडे बघतही नव्हता. तो चिंध्यांनी एकेक बोट पुसत होता.

तेवढ्यात पंपाचा मालक मोपेडवरून आला आणि ओरडायला लागला, "अजून उघडाच आहे? गप्पा मारतोस का? जोड आणि चालू कर, रानात पाणी पाहिजे!" तो सरळ भिंतीवरच्या स्विचकडे गेला आणि बटण दाबलं. काही झालं नाही. सेल्वमनं शर्टाच्या खिशावर हात ठेवला. यंत्रात हात घालण्याआधी फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा, म्हणजे मागून कुणी चालू करू शकत नाही, हा सेतूचा नियम होता. मिलमध्ये तो दर वेळी खडसावून विचारायचा, "फ्यूज कुणाच्या खिशात आहे?" आणि उत्तर मिळाल्याशिवाय पुढं सरकू द्यायचा नाही. ज्याच्या मयताला सेल्वम आला नव्हता, त्याचा नियम त्यानं एक दिवसही मोडला नव्हता.

"आज चालू होणार नाही," सेल्वम त्या शेतकऱ्याला म्हणाला. "दसऱ्याला ये." मग बाकीच्यांकडे वळून म्हणाला, "उठा. अम्माकडे जाऊन येऊ." त्यानं पंप तसाच उघडा ठेवला, त्यावर गोणपाट टाकलं, हात धुतले आणि फ्यूज खिशात तसाच घेऊन सेतूच्या घराकडे निघाला.