ढोल आधी शेकायचा असतो

माझा आवाज तरी आठवतो का, विसरभोळ्यांनो? आजी सांगतेय, नात पाड्याच्या ग्रुपवर लिहितेय.

आज आपल्या पाड्यावर लखमादादाच्या आठवणीचा कार्यक्रम झाला. ज्याच्या ढोलावर तुम्ही सगळे आपापल्या लग्नात नाचलात, त्याच्यासाठी तुम्ही कासा गावाहून डीजे आणलात. त्याचे चार ढोल कोपऱ्यात पडलेले. त्याचा मुलगा म्हणतो, "वाजतच नाहीत, आजी. मेलेत."

"शेकलेस का रे?"



मग मीच पेंढा पेटवला. कातडं तापलं आणि ढोल बोलला. आयुष्यभर तुम्ही पुरुषांनी आम्हा बायांना त्याला हात लावू दिला नाही. आज चौघी म्हाताऱ्यांनी एकत्र बडवला. एवढी मजा इतकी वर्षं आमच्यापासून लपवलीत, याचाच जास्त राग आलाय.

उद्या पुन्हा वाजवणार. तांदळाच्या भाकऱ्या आणि बोंबलाची चटणी पाठवा. भाकऱ्या तरी शेकून पाठवा.